घासणीच्या रेघा

३ फेब्रुवारी, मंगळवार

घासणीने! भांड्याच्या घासणीने गाडी घासली! करपलेलं पातेलं घासायची ती हिरवी, खरखरीत घासणी!

सकाळी कामावर जायला खाली उतरले, तर पुढच्या डाव्या कोपऱ्यावर, बंपरपासून थेट चाकाच्या वरपर्यंत, पांढऱ्या रंगावर रेघांचं नुसतं जाळं. ऊन पडलं की गोल गोल चमकतंय. तळपायाची आग मस्तकात गेली. तशीच वर आले. नवरा पेपरातून मान न काढता म्हणाला, "आईनं घासली. पक्ष्यानं घाण केली होती." सासूबाई चहाच्या कपात बघत होत्या. "हो गं. वाळली होती. निघेना."

निघेना! पाणी नव्हतं घरात? फडकं नव्हतं? मला हाक मारता आली नसती?

काल संध्याकाळी हाच त्यांना गाडीतून गुडघ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेला होता. गुडघे दुखतात म्हणून खालच्या बाकावर बसायलासुद्धा न उतरणाऱ्या बाई, गाडी घासायला बऱ्या उभ्या राहिल्या!

या घरात माझ्या एकटीच्या नावावर असलेली ही एकच वस्तू. दातांच्या लॅबमध्ये सहा वर्षं लोकांच्या कवळ्या घासून, चमकवून घेतलेली. "रेघाच आहेत गं, गाडी चालतेय ना," असं नवरा म्हणाला. मी दार आपटून निघाले. दाराचाही रंग उडाला असेल तर उडू दे.

४ फेब्रुवारी

कोणाशीही बोलले नाही. सासूबाईंनी माझे कपडे घड्या घालून कपाटात ठेवले. कोणी सांगितलं होतं?

५ फेब्रुवारी, गुरुवार

आज बोलून टाकलं. नवऱ्याला म्हटलं, आई काही दिवस मोठ्या दिरांकडे राहू देत. टीव्हीचा आवाज सोसला, माझ्या स्वयंपाकघरातले डबे हलवले ते सोसलं. आता गाडीपर्यंत हात आला. मला माझं काहीतरी माझंच हवंय.

भांडायच्या पूर्ण तयारीने गेले होते. चार वाक्यं पाठसुद्धा केली होती — "तुझी आई म्हणून" अशी सुरुवात असलेली. पण हा म्हणतो कसा, "बरं. दादाला फोन करतो." एवढंच! लगेच फोन घेऊन गॅलरीत गेला. दीर मंगळवारी न्यायला येणार.

हवं ते मिळालं, तरी राग गेला नाही. उलट वाढला. आईसाठी माणूस निदान एकदा तरी "नाही" म्हणतो की नाही?

सासूबाईंना त्यानेच सांगितलं. त्या मिठाची गुळणी धरून बसल्यात.

६ फेब्रुवारी

लॅबमधून येताना रंगकाकांकडे गेले. गाड्या रंगवण्यात त्यांची हयात गेली. कानाच्या पाळीलासुद्धा रंग असतो म्हणून सगळे रंगकाकाच म्हणतात. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि रेघेवरून आडवं नख फिरवलं. "नख अडकत नाही, ताई. म्हणजे वरच्यावर आहे. रंगावर काचेसारखा एक पारदर्शक थर असतो, ओरखडा तेवढ्यातच आहे. मशीननं निघेल." जिथे नख अडकतं तिथे मशीनचं काही चालत नाही, नुसतं घासत बसलं तर थरच जातो, हेही सांगितलं.

मी म्हटलं, मशीन मला द्या, मीच करते. ते हसले. म्हटलं, काका, दिवसाला दहा कवळ्या पॉलिश करते. एका जागी मशीन धरून ठेवलं की कवळी जळते, हे मला कोणी शिकवायला नको.

"मग घेऊन जा," म्हणाले. मग पुन्हा वाकले. "या गोल रेघा घासणीच्या. पण या खालच्या चार आडव्या आहेत ना, त्या घासणीच्या नाहीत."

"काका, आमच्या सासूबाईंना कमी लेखू नका," मी म्हटलं.

७ फेब्रुवारी, शनिवार

खांदे भरून आलेत. पण हात बसला!

गाडी सावलीत घेतली. दोनदा धुतली, मऊ कापडाने टिपली. दिव्याच्या कडेला, पत्र्याच्या धारेला कागदी टेप लावली — धारेवर थर पातळ असतो, तिथेच आधी जळतो. पांढऱ्या फोमच्या पॅडवर कंपाउंडचे, म्हणजे ओरखडे काढायच्या लेपाचे, वाटाण्याएवढे चार ठिपके. आधी मशीन बंद ठेवून पसरवायचं, मगच चालू करायचं, नाहीतर सगळं आपल्याच तोंडावर. (उडालंच. चव वाईट आहे.) एका वेळी वहीच्या पानाएवढाच भाग. आधी आडवं, मग उभं. पॅड सपाट. जोर नाही, वजन मशीनचंच. मग पुसायचं आणि टॉर्च तिरका धरून बघायचं.

वरच्या गोल रेघा तिसऱ्या हाताला गेल्या. गेल्या! ओरडलेच मी. वर खिडकीत सासूबाई उभ्या होत्या. मी मान फिरवली.

मग खालच्या चार आडव्या घेतल्या. थोडं फिरवून पॅड उलटा केला, तर त्यावर निळं! पांढऱ्या गाडीवर निळं कुठून आलं? पॅड घेऊन तशीच रंगकाकांकडे गेले. त्यांनी बोटाने चोळून पाहिलं. "हा तुमच्या गाडीचा रंगच नाही. ही कशाला तरी लागलीय, ताई. त्याचा रंग हिच्यावर आलाय."

पक्षी निळं हगतात का? मूर्ख समजतात का मला हे दोघं?

नवरा बाहेर गेलाय. येऊ दे.

८ फेब्रुवारी, रविवार

चोर सोडून संन्याशाला फाशी!

सकाळी पॅड त्याच्या नाश्त्याच्या ताटाशेजारीच ठेवला. आधी "मला काय माहीत". मग "आईला विचार". मग मी आवाज चढवल्यावर एकदम खाली बघून म्हणाला, "ऑफिसच्या गेटला घासली. सोमवारी. डॉक्टरकडून येताना दोन मिनिटं थांबलो होतो. निळं गेट आहे. तू चिडशील म्हणून."

म्हणून आईचं नाव! मी अख्खा आठवडा त्या म्हातारीशी एक शब्द बोलले नाही. ताट वाढलं तेसुद्धा आपटून. आणि हा शेजारी बसून पोळी खात होता! काय काय बोलले मी. भित्रा म्हटलं. आईच्या पदराआड लपणारा घोडा म्हटलं. तो ऐकून घेत राहिला. इतकं ऐकून घेणारा माणूस नाही हा.

दुपारी खाली जाऊन उरलेलं काम संपवलं. रागाच्या भरात जोर जास्त पडत होता, दोनदा मशीन बंद करून थांबले. हात लावला तर पत्रा गरम. थंड होऊ दिला. मग मऊ काळा पॅड, बारीक पॉलिश, शेवटचा हात. शेवटची आडवी रेघ चार वाजता गेली. टॉर्च मारून, उन्हात नेऊन, सगळ्या बाजूंनी पाहिलं. काही म्हणून नाही. शोरूममधून आणली तेव्हासुद्धा अशी नव्हती.

मशीन परत दिलं. रंगकाका येऊन बघून गेले. म्हणाले, "ओळखू येणार नाही कुणाला."

९ फेब्रुवारी

नवऱ्याला म्हटलं, आईंना पाठवायचं रद्द कर. गाडी त्यांनी खराब केलीच नाही तर त्या का जातील? तर म्हणतो, दादाला सांगून झालंय. "तूच म्हणालीस ना!" माझंच वाक्य माझ्याच तोंडावर! म्हटलं, मी म्हणाले ते खोट्यावर म्हणाले. तो ऐकायलाच तयार नाही. आई इथे नकोच म्हणतो, तिला तिकडे बरं वाटेल म्हणतो. इथे आणल्यापासून तीन वर्षांत एकदा तरी विचारलंय का तिला, तुला कुठे बरं वाटतं म्हणून?

सासूबाईंची माफी मागायची होती. दोनदा त्यांच्या खोलीच्या दारापर्यंत गेले. त्या साड्यांच्या घड्या घालत होत्या. परत फिरले. मला माफी मागता येत नाही, तोंडच उघडत नाही. भांडायला बरं उघडतं.

१० फेब्रुवारी, मंगळवार

नवरा कामावर गेला. मी सुट्टी टाकली. बॅगेची चेन लागेना, म्हणून गुडघ्याने दाबून धरली आणि धीर करून बोलले — "आई, चुकले मी. पण ऑफिसच्या गेटला घासली, हे तुम्ही तरी सांगायचं ना."

"कुठलं गेट?" सासूबाई म्हणाल्या.

गेट नव्हतंच. निळी स्कूटर होती. वर एक बाई होती. पडली. "थांब म्हटलं मी त्याला. दोनदा म्हटलं." घासणीही त्याच्याच हातात होती.

शेवटची रेघ मी काढली.

बॅग तशीच टाकून त्यांनी चपला घातल्या. "चल. ती जागा दाखवते." गाडीत बसणार नाही म्हणाल्या. स्टॉपवर उभ्या आहोत, बस यायची आहे.