पहिलं मत धाकट्याचं

४ मार्च
आजपासून मी, डोरोथी क्लेग, हॅदरक्लफच्या कोर्टाची मानद मॅजिस्ट्रेट! पगार छदाम नाही, नुसता मान. सलूनला 'मंगळवारी बंद' अशी पाटी लावली आणि ऐटीत निघाले. आसपासची कोर्टं सरकारने केव्हाच बंद केलीत, खटले दोन-दोन वर्षं तुंबलेत. निकालाला तिघं लागतात, तिसरं माणूस मिळालं नाही तर आमच्याही दाराला टाळं. मुख्य खुर्ची म्युरिअल हारग्रीव्हची. मला 'पोरी' म्हणते. पन्नाशीत कुणाला वाईट वाटेल? दुसरे ऑर्मरॉड, रिटायर दूधवाले, मितभाषी. त्यांनी आल्याचा केक आणला होता.

इथली रीत म्युरिअलने समजावली. मागच्या खोलीत आधी धाकट्याने, सगळ्यांत नव्या माणसाने, मत द्यायचं, म्हणजे मोठ्यांचं दडपण येत नाही. बाहेर तिघांचं तोंड एक. कोण काय म्हणालं ते खोलीबाहेर जात नाही. शहाणी रीत आहे, मला पटली.

१८ मार्च
लेनी डकवर्थ नावाचा तरुण. रात्री घराबाहेर पडायची बंदी मोडून आजारी आईकडे गेला होता. त्याचा वकील दुसऱ्या गावच्या कोर्टात अडकलेला. पुन्हा तारीख द्यायची तर परत कित्येक महिने. नियम म्हणजे नियम, मी म्हटलं, तुरुंग. दोघांनी लगेच माना डोलावल्या. मला वाटलं होतं, जरा वाद तरी घालतील. म्युरिअलने शिक्षा सुनावली तेव्हा तो आमच्याकडे एकेक करून बघत राहिला. एवढंच म्हणाला, "तिघांतलं आधी कोण बोललं?"

म्युरिअल गोड हसली. पुढचा खटला पुकारायला सांगितलं.

८ एप्रिल
लेनी तुरुंगात गेला. म्हणजे मेला. ऑर्मरॉडनी चहा ढवळता ढवळता सांगितलं. मी रडले. माझ्याआधीच्या तिसऱ्या खुर्चीवाल्यांचं काय झालं, विचारलं. म्युरिअल म्हणाली की एक जिन्यावरून पडला, एक तलावात सापडली. फुकटच्या कामात माणसं टिकत नाहीत.

१५ एप्रिल
आरोपीच्या पिंजऱ्यात, काचेमागे लेनी बसलाय. भरदुपारी. बाकी कुणी बघत नाही. म्युरिअल मात्र बघते. जेवणाच्या सुट्टीत मी लवकर परत आले तर ती काचेशी वाकून हळूच काही सांगत होती, आणि तिचं बोट माझ्या खुर्चीकडे—

मी खोकले. ती म्हणाली, काच पुसत होते.

२१ एप्रिल
लायब्ररीतली एडना केस कापायला आली. खुशीत. म्युरिअलने तिला तिसरी खुर्ची दिलीय म्हणे, पुढच्या मंगळवारपासून. अहो, पण मी अजून— कात्री हातातून पडली. माझ्या पाठीवर हात ठेवून 'पोरी' म्हणणारी बाई! उद्या तोंडावर विचारते.

२२ एप्रिल
विचारलं. मागच्या खोलीत, तोंडावर. जराही लाजली नाही.

"परत येणाऱ्याला कुणीतरी एक हवं असतं, पोरी. आम्हा दोघांना कोर्ट चालवायचंय."

म्हणजे धाकट्याने आधी बोलायचं ते यासाठी. मी ऑर्मरॉडांकडे बघितलं. ते टोपी घेऊन उठले. दोघं गेले. बाहेरून कडी लावली.

हाका मारल्या. खाली लोक आहेत, ऐकू येतायत, कुणी येत नाही—

कोर्टाकडचं दार उघडतंय. मी सांगेन त्याला, तिघांनी मिळून— दोघांनीही मान— लेनी, ऐक, म्युरिअलसुद्धा

तो म्हणतोय, आधी कोण