दीपाच्या पोटातले भाडेकरू

प्लेनो, टेक्सस
१४ सप्टेंबर १९८५

तीर्थरूप कुमुदमावशीस, तुझ्या घाबरट भाच्याचं, श्रीरंगचं, लोटांगण. (कार्पेट सकाळीच व्हॅक्यूम केलंय, त्यामुळे लोटांगणाला हरकत नाही.)

तुझे गुडघे काय म्हणतात? म्हैस दूध देते का? जानेवारीत आम्ही मिरजेहून परत आलो, त्यानंतर तुझं एकच कार्ड आलं: ‘इकडे सर्व ठीक, तब्येतीस जपणे.’ मी सातवीत गणितात नापास झालो तेव्हासुद्धा तू चार पानं लिहिली होतीस. म्हणजे तू रागावली आहेस, आणि का ते मला ठाऊक आहे. पण आधी इकडची हकिकत ऐक, कारण महिनाभर माझी पाचावर धारण बसली आहे. (त्यात नवीन काय, असं म्हणशील. म्हण.)

तुझी नात दीपा तेरा महिन्यांची झाली. तिला जंतू लागू नयेत म्हणून मी काय काय केलं ते तू मिरजेत पाहिलंसच, इथे त्याच्या दुप्पट करत होतो. बाटल्या उकळायच्या, चमचे उकळायचे, खुळखुळा उकळायचा. प्लास्टिकचा हत्ती उकळला तेव्हा त्याची सोंड पातेल्याला चिकटली ती निघालीच नाही. शेजारच्या कुत्र्याला आमच्या अंगणाची बंदी, पाहुण्यांना पाळण्याजवळ जायची बंदी. इतकं करून जुलैत पोरीला कानाचं इन्फेक्शन झालंच. अँटिबायोटिकचे दोन कोर्स झाले, कान बरा झाला आणि पोट बिघडलं. तीन आठवडे जुलाब, दिवसाला दहा-दहा डायपर. डॉक्टर म्हणायचे, पाणी पाजत राहा, थांबेल. वजन दोन पौंडांनी उतरलं. एरवी घर डोक्यावर घेणारी पोर नुसती पडून राहायची, रडायचीसुद्धा नाही. मावशी, ती रडत नाही म्हणून मी बाथरूममध्ये जाऊन रडलो.

इथे डॅलसला राजीव म्हणून माझा नागपूरचा मित्र आहे, तो पोटातल्या जंतूंवरच संशोधन करतो. (त्याच्याकडे जेवायला गेलं की वरणभात वाढता वाढता असल्या विषयावर बोलतो, म्हणून आम्ही फारसे जात नाही.) तो आला, दीपाचा एक डायपर मोठ्या आदराने पिशवीत घालून घेऊन गेला आणि दोन दिवसांनी त्याने मलाच फैलावर घेतलं. त्याचं म्हणणं असं की बाळ जन्मतं तेव्हा पोट म्हणजे रिकामी चाळ. मग भाडेकरू यायला लागतात: काही आईकडून, काही जमिनीवरून, अंगणातून, गुराढोरांकडून, घरातल्या माणसांच्या हातांवरून. पहिली दोन-तीन वर्षं ही ये-जा चालते, मग बिऱ्हाडं कायमची होतात. औषधाने गुंडांबरोबर सज्जनही हाकलले गेले. नवे येणार कुठून, यार, तू तर चाळीला कुलूप ठोकून बसलायस, असं तो म्हणाला. यातलं पुष्कळ अजून आम्हालाच नक्की माहीत नाही, पण पोरीला जमिनीवर सोड, हेही म्हणाला.

मी कुलूप काढायला तयार नव्हतो. पण तुझ्या सुनेने, मृणालिनीने, ऐकलं आणि शनिवारी गाडी थेट फ्रिस्कोकडे काढली. तिकडे शेतं आहेत, गाई आहेत. शेतकऱ्याने विचारलं, काय हवंय? जंतू हवेत असं कसं सांगणार? मी म्हटलं, मोकळी हवा. मग मी गवतावर घरून आणलेली इस्त्रीची चादर पसरली, मृणालने ती माझ्यादेखत खसकन ओढून काढली आणि दीपाला मातीत बसवलं. दीपाने मातीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि मूठभर माती तोंडात घातली. तीन आठवड्यांत पोरीने पहिल्यांदाच काहीतरी आवडीने खाल्लं. मला मात्र धनुर्वात, जंत, खत, औषधफवारणी सगळं एकदम आठवलं. शेतकऱ्याच्या स्वयंपाकघरात धावलो आणि विषबाधेच्या मदतकेंद्राला फोन लावला. बाईंनी विचारलं, काय गिळलं? माती. किती? साधारण दीड चमचा. त्या म्हणाल्या की त्यांच्या धाकट्याने गांडूळ खाल्लं होतं, तो आता फुटबॉल खेळतो. बाहेर येऊन पाहतो तर शेतकऱ्याची बायको गोठ्यातून तशीच येऊन दीपाला कडेवर घेऊन उभी. मी तोंड उघडलं, मृणालने डोळे वटारले, मी तोंड मिटलं.

तेव्हापासून दर शनिवारी फ्रिस्को. शेजारचा कुत्राही आता रोज दीपाचं तोंड चाटून जातो, मी डोळे मिटून घेतो. दीपाचे डायपर चारवर आले आहेत, वजन भरतंय, काल तिने आरडाओरडा करून घर डोक्यावर घेतलं. मातीने झालं की आपोआपच झालं, ते राजीव छातीठोक सांगत नाही. मी अजून रोज सकाळी भीत भीतच डायपर उघडतो.

तुझा,
श्रीरंग

ता. क. मृणाल म्हणते, चार पानं खरडलीस आणि मुद्द्याचं लिहिलंच नाहीस. तर, तिकिटं काढली. बावीस डिसेंबरला मिरजेत पोचतो.

ता. क. २. मुद्दा हा. जानेवारीत तू दीपाला घ्यायला हात पुढे केलेस आणि मी डेटॉलची बाटली पुढे केली. तू मुकाट्याने हात धुतलेस. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा धुवायला लावले. तिसऱ्या दिवसापासून तू हात पाठीशी धरून लांबूनच तिच्याशी बोलत राहिलीस, आम्ही निघेपर्यंत. आई गेल्यावर त्याच हातांनी तू मला भरवलंस. मला सगळं दिसत होतं गं, पण भीती मोठी होती. चुकलो. यंदा शेण काढत असलीस तरी तशीच ये आणि तिला उचल.

ता. क. ३. शेणाचं मी भावनेच्या भरात लिहिलं. तेवढं फक्त पाण्याने धू. साबण नको. म्हणजे, असला हाताशी तर... बरं, राहू दे, काही धुऊ नकोस. मृणाल मागे उभी राहून वाचते आहे.