हात वारुळावरच धुवायचे

४ ऑगस्ट
पोचले एकदाची कोसंबीटोल्याला! ऊर्जानगरहून निघताना आईने डब्यासोबत सल्ल्यांचं गाठोडंही दिलं होतं. डबा अर्ध्या वाटेत संपला, सल्ले अजून पुरतायत. लाकूड डेपोच्या आवारातच क्वार्टर आहे. सागवानी खांब, कौलं, मागे मोहाचं झाड. आधीचा माणूस पलंग, टेबल, शेगडी सगळं सोडून गेलाय, म्हणजे आयत्या बिळावर नागोबा, ती मी. साहेब नागपुरात, म्हणजे डोक्यावर कुणी नाही.

डेपोतल्या सागाच्या थप्प्यांना वाळवी लागते. इथे तिला उधई म्हणतात. विषारी औषध न मारता बुरशीच्या अर्काने ती संपवून दाखवायची, हे माझं काम. बुरशी भातावर वाढवायची आणि पांढरी असतानाच गाळून घ्यायची. वाळवी तो अर्क चाटते, वारुळात नेते आणि सगळं खानदान मरतं. चाळीस दिवसांत थप्प्या स्वच्छ झाल्या तर मी कायम. नाही तर परत घरी, आणि आत्याने आणून ठेवलेलं स्थळ. त्यापेक्षा वाळवी परवडली.

७ ऑगस्ट
गावाला मी नकोय. चौकीदार लटारूभाऊ विचारल्याशिवाय बोलत नाहीत आणि विचारलं तरी अर्धंच बोलतात. स्वयंपाकाला येणाऱ्या बायनाबाईंनी कारण सांगितलं. सात्या म्हणजे पावसाळ्यातली रानातली छत्री, खायची अळंबी, ती फक्त उधईच्या वारुळावर उगवते. वर्षातून एकदा गाव ती पोटभर खातं. उधई मेली तर सात्या कुठून येणार, असं सगळे विचारतायत. मी म्हटलं, मला फक्त डेपोतली मारायचीय. त्यांनी भाकरी थापणं चालू ठेवलं.

खरी काळजी वेगळीच आहे. बसच्या उकाड्यात माझ्या बाटल्यांतली बुरशी मलूल झालीय. साहेबांना कळवलं नाही. पहिल्याच आठवड्यात रडगाणं कोण गाणार?

९ ऑगस्ट
बायनाबाईंसोबत सात्या तोडायला गेले. टोपल्या भरल्या, पण पहिली उगवलेली कुणी तोडली नाही. ती वारुळाची. मग प्रत्येकीने लोट्यातल्या पाण्याने वारुळावरच हात धुतले. मी हसले. आमच्या घरात बाबासाहेबांच्या फोटोखाली वाढलेल्या पोरीला असल्या गोष्टी ऐकवू नका, असंही म्हणाले. बायनाबाई शांतपणे म्हणाल्या, "हात इथीच धुवा मॅडम. त्याईचा वास त्याईच्यापाशीच राहू द्याचा असते."

मी हात धुतले नाहीत. उलट खुरपीने वारूळ उकरलं. आत स्पंजासारखी जाळी आणि तिच्यावर साबुदाण्याएवढे पांढरे दाणे. ही वाळवीची शेती. ती बुरशी लावते, राखते, त्यावर जगते. जाळी ओढणीत बांधून आणली. परतीच्या वाटेवर बायका माझ्यापासून चार हात लांब चालल्या.

१० ऑगस्ट
काय डोकं आहे माझं! शेतीच्या वासाने वाळवी धावत येईल आणि माझी बुरशी तिला मारेल. दोन्ही एकत्र कालवून ओढणीतून गाळलं. हातमोजे फाटले, तसंच पिळलं. कोपरापर्यंत अर्क. गोडसर वास, ओल्या भातासारखा. थप्प्यांवर फवारलं.

१६ ऑगस्ट
थप्प्या स्वच्छ! एकही वाळवी नाही. रेंज फक्त पाण्याच्या टाकीवर मिळते, तिथे चढून साहेबांना सांगितलं. साहेब खूश. आणखी पंधरा दिवस असंच राहिलं तर ऑर्डर काढतो म्हणाले. आज स्वतःसाठी शिरा केला. बायनाबाईंनी खाल्ला नाही.

१७ ऑगस्ट
एक गोष्ट खटकतेय. मेलेली वाळवी कुठेच नाही. थप्प्यांखाली, नालीत, सगळीकडे शोधलं. इतक्या हजारो गेल्या कुठे? हाताचा वासही जात नाही. तीनदा साबण लावला.

१८ ऑगस्ट
सापडल्या.
क्वार्टरच्या चारही खांबांवर मातीच्या वाटा. सगळ्या पलंगाकडे येतात. पलंग लाकडाचा, त्याला तोंडसुद्धा लावलेलं नाही. माझी प्रमाणपत्रं, पुस्तकं, आईने दिलेलं कॅलेंडर फस्त. ही वही तेवढी शाबूत आहे. हिला माझा हात लागतो.
माझी बुरशी बाटल्यांत आधीच मेली होती. मी त्यांना नुसतं बोलावून घेतलं. थप्प्यांवरचा वास पावसाने धुतला, माझ्या हातांवरचा नाही.

१९ ऑगस्ट
नखांखाली पांढरे दाणे. साबुदाण्याएवढे.
सुईने काढले. दुपारपर्यंत परत.
बायनाबाई आल्या नाहीत.

२० ऑगस्ट
डुलकी लागली आणि उठले तेव्हा पाय घोट्यापर्यंत मातीत. ओली, थुंकीने मळलेली. फोडून काढली. त्या चावत नाहीत. एकही चावत नाही. दाण्यांवरून तोंड फिरवतात, पुसतात, माती सारखी करतात—
मला राखतायत.

२१ ऑगस्ट
सकाळच्या बसने पळणार होते. फाटकाला कुलूप. बाहेर सगळं गाव, पुरुषांच्या हातात काठ्या. मी हात जोडले, गडचिरोलीला दवाखान्यात जाऊ द्या म्हणून रडले. लटारूभाऊंनी किल्ली खिशात घातली. बायनाबाईच बोलल्या, "बसमंदी बसाल तं दुसऱ्याच्या गावात वास नेसान. तुमी आणला ना, तुमीच सांभाळा."
फोन घ्यायला आत आले. फोन मातीत चिणलेला.

२३ ऑगस्ट
उभं राहता येत नाही. गुडघ्यापर्यंत फोडते, तोवर कंबरेला—
भूक लागत नाही. आई, मी त्या स्थळाला—

बहुतेक २५
डावा हात गेला. दुखत नाही. खोकले की पांढरं.
छातीत काहीतरी वर ढकलतंय. हळूहळू. छत्रीसारखं

सकाळ
माणसं आली! दार उघडलं. बायका, बायनाबाई पुढे. वाटलं, सोडवायला—
टोपल्या आणल्यात.
वाकून सात्या तोडतायत. पलंगाखालून, पायांवरून, पोटावरून. प्रत्येक वेळी मला कळतं. तोंडाकडे कुणी बघत नाही. एकीचा हात माझ्या छातीवरच्या छत्रीकडे आला तशा बायनाबाई म्हणाल्या, "थे राहू दे. पह्यली हाये."
लोटा काढला. एकेकीने हात धुतले. माझ्यावर. पाणी गार आहे
निघाल्या. बायनाबाई, मागे बघा, मी अजून—