गोफणीचा वास

ता. २० फेब्रुवारी १९५९, सायंकाळ

मोठी बहीण शांताबाई आज नेरहून कुत्रं न्याले आली, अन् तशीच वापस गेली. जखम भरेपर्यंतच ठेवतो, मंग तू ने, असं मीच म्हटलं होतं.

आंधळं जनावर जगवलं म्हणून गावात माह्यं कौतुक चालू हाये. दिवाळीनंतर ज्वारीत सळसळ झाली. रानडुक्कर समजून मी उजव्या हातानं गोफण फिरवली, अन् गोटा ह्याच्या कपाळात बसला. डोळे गेले. लोकायले सांगतलं, रस्त्यावर सापडलं.

ते त्याच गोफणीवर डोकं ठेवून झोपते. माह्या हाताचा वास हाये ना तिले!

शांताबाई म्हणे, "भाऊ, ही गोफण बी दे संगं. तुह्या वासानं तिथं करमन त्याले."

मी गोफण ओढूनच घेतली. म्हटलं, "नाई, मले लागते. ज्वारी राखाची हाये."

तिनं दारातून वावराकडे पाह्यलं. ज्वारी कवाचीच कापून झाली होती, नुसते धसकटं. मंग माह्या हाताकडे पाह्यलं, अन् कुत्र्याचं नाव न काढता चपला घातल्या.

तिले समजलं काय?

कुत्रं माहा हात चाटून राह्यलं. उजवाच.