माझ्या मढ्याला कोणी हात लावावा याबाबत

मी, दत्तोबा सिदू रुपनवर, वय सुमारे सत्तर, धंदा पूर्वी मेंढपाळ व आता शेती, राहणार सणसर, तालुका इंदापूर, जिल्हा पुणे, हे मृत्युपत्र आज लिहून ठेवतो. माझं डोकं ठिकाणावर आहे. मला कोणी धमकावलेलं नाही, कोणी दारू पाजलेली नाही. छातीतलं पाणी डॉक्टरांनी दोनदा काढलं. तिसऱ्यांदा काढण्याइतका मी उरेन असं त्यांना वाटत नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही वाटत नाही.

कायद्याचे शब्द इंदापूरला कचेरीपुढे बसणाऱ्या लेखनिकाने सुचवले, बाकीचे माझे आहेत. तो म्हणाला, "आबा, एवढं लांबण लावायची गरज नसते." मी म्हणालो, मरणार मी आहे, तू नाहीस, लिही.

यापूर्वी मी कागदावर कोणतंही मृत्युपत्र केलेलं नाही. तोंडाने मात्र एकदा केलं होतं, तेही देवळात. ते कसं मोडावं हेच मला अजून उमगलेलं नाही. घर आणि शेत यांची वाटणी सोपी आहे, म्हणून ती आधी उरकतो.

कलम १. वस्तीवरचं दोन खोल्यांचं पत्र्याचं घर, पडवी आणि अंगण माझी बायको फुलाबाई हिचं. ती आहे तोवर तिला तिथून कोणी हलवू नये. पूर्वेच्या भिंतीचा तिचा देव्हारा तिथंच राहील. माझा बाप्तिस्मा झाला त्या दिवशी तिने माझं ताट वेगळं मांडलं होतं. संध्याकाळी स्वतःच उचलून आपल्या ताटाशेजारी ठेवलं आणि म्हणाली, "द्येव येगळं झालं म्हणून भाकरी येगळी थापू व्हय? मला कुठं तेवढं सरपण हाय!" तेव्हापासून आमच्या घरात प्रार्थना दोन होतात आणि भांडण फक्त मिठावरून होतं. चर्चच्या मंडळीतल्या कोणी माझ्यामागे तिला धर्म शिकवायला येऊ नये. यायचंच असेल तर खाली बसून तिच्याबरोबर बाजरी निवडावी.

कलम २. कालव्याच्या कडेची अडीच एकर जमीन. फुलाबाई जिवंत असेपर्यंत पीक तिचं. त्यानंतर अर्धी जमीन माझी मुलगी सारजा हिला, जी सुप्याला दिली आहे. उरलेली अर्धी माझा मुलगा झुंबर याची होती. झुंबर नाही. म्हणून त्याचा वाटा मी छकुली हिला देतो. छकुली ही बिराची मुलगी, बिरा हा माझा थोरला भाऊ तात्याबा याचा मुलगा.

हे ऐकून गाव तोंडात बोट घालेल. काहीजण म्हणतील, म्हाताऱ्याला भ्रम झाला. सारजाला मी आधी विचारलं आहे. तिने चुलीतलं लाकूड आत सारलं आणि म्हणाली, "द्या. झुंबरनं बी दिलं असतं." तेव्हा तिच्याशी कोणी भांडू नये.

कलम ३. ही वाटणी अशी का केली, ते सांगणं भाग आहे.

तात्याबा आणि मी एका कळपामागे वाढलो. पावसाळा संपला की मेंढरं घेऊन निघायचं, लोकांच्या रानात बसवायची, खताच्या बदल्यात जोंधळे घ्यायचे. पुढे कालव्याचं पाणी आलं, ऊस आला, रानं मोकळी राहिनात. आम्ही कळप विकले. तात्याबाच्या बिराने ट्रॅक्टर शिकून घेतला आणि सगळ्या भाऊबंदांचा ऊस तोच वाहू लागला.

१९८८ च्या हंगामात झुंबर त्याच्याबरोबर गेला. ट्रॅक्टर आणि ट्रॉलीच्या मधल्या दांड्यावर बसला होता, सगळी पोरं बसतात तसा. कालव्याच्या पुलावर हिसका बसला आणि तो ट्रॉलीखाली गेला. तो बावीस वर्षांचा होता. मुलगी पाहिली होती, बोलणी व्हायची होती.

आमच्यात लग्न न झालेल्याला पुरतात. त्याला आमच्याच शेतात, बांधाच्या बाभळीखाली ठेवला.

दहाव्याला सगळे भाऊबंद जमलेले असताना मी बिरोबाच्या देवळात शिरलो आणि भंडार उचलला. परक्या माणसासाठी सांगतो, देवापुढची हळद मुठीत धरून बोललेला शब्द आमच्यात कोणी मोडत नाही. कोर्टातली शपथ माणूस एसटीत बसेपर्यंत विसरतो. भंडार उचलला की नातवंडंसुद्धा लक्षात ठेवतात. मी म्हणालो, "तात्याबाच्या घरातल्या कुणाचाबी हात माझ्या मढ्याला लागणार न्हाय. लागला, तर त्याच्या घरात दिवा लावायला कुणी उरू नये." लोकांनी माझ्या तोंडावर हात ठेवायच्या आत मी बोलून मोकळा झालो होतो. तात्याबा खांबाला धरून उभा होता.

कलम ४. त्यानंतरची वर्षं मी नुसता कुजलो. बिरा प्यायलेला नव्हता हे मला ठाऊक होतं, तरी मी गावभर तो प्यायला होता असंच सांगायचो. त्याने त्या दिवसापासून ट्रॅक्टरला हात लावला नाही, त्याचंही मला समाधान नव्हतं. तात्याबाची म्हैस मेली त्या दिवशी मला भाकरी गोड लागली. माणूस असा होतो.

बारामतीला बाजाराच्या दिवशी मी चर्चमध्ये पहिल्यांदा गेलो तो सावलीसाठी. उन्हाचा ताव होता आणि दार उघडं होतं. आत पाळक शांतवन भिंगारदिवे दहा-बारा माणसांना एका हरवलेल्या मेंढराची गोष्ट सांगत होते. धनी बाकीचा सगळा कळप रानात सोडून त्या एकाला शोधायला जातो म्हणे. मी मागूनच ओरडलो, की हे साफ खोटं आहे. कळप असा सोडला तर लांडगा अर्धा उडवील. असला मेंढका मी एक दिवस कामाला ठेवणार नाही. लोक वळून बघायला लागले. पाळक नगरकडचे, त्यांना मेंढरू धरता येत नाही, पण माणूस खरा. ते म्हणाले, "बाबा, बरोबर बोललात. शहाणा मेंढपाळ असं करणार नाही. कोण करेल?"

मी उठलो. बाहेर येऊन चपला शोधत होतो, तेव्हा मला कळलं. बाप करेल. त्या पुलावर मीही ऊस, भाऊ, सगळं टाकून धावलो होतो. तशी धाव कोणी माझ्यासाठी घेत असेल, ही गोष्ट मला सत्तरीकडे झुकताना पहिल्यांदा ऐकायला मिळाली. मी तिथंच पायरीवर बसलो आणि हमसून हमसून रडलो.

गाव म्हणालं, दत्तोबाला बाटण्यासाठी दुधाची पावडर मिळाली. मिळाली असती तर चहा तरी बरा झाला असता. मला काही मिळालं नाही. १९९३ साली नीरा नदीत, जिथं आम्ही कातरणीआधी मेंढरं धुवायचो त्याच जागी, पाळकांनी मला बुडवलं.

पण मेंढरू एका बुडीत निघत नाही. वरून लोकर पांढरी दिसते, बोटं खुपसून पाहिलं की कातडीजवळ सगळा चिखल. माझंही तसंच होतं. रविवारी क्षमेची प्रार्थना करायचो आणि सोमवारी बिरा दिसला की थुंकायचो. पाळकांना सांगितलं. ते म्हणाले, "मन धुणं तुमच्या हातचं नाही. तुम्ही फक्त पाण्यातून पळून जाऊ नका." म्हणून दोन वर्षं रोज एकच मागितलं, की प्रभू, हे माझ्याच्यानं निघत नाही, तू घास.

मग एकदा इंदापूरहून येताना एसटी खच्चून भरली होती. कोणीतरी गर्दीतून एक तान्ही पोर माझ्या मांडीवर दिली. ती माझ्या सदऱ्याला नाक पुसून झोपी गेली. वर पाहिलं तर दांड्याला धरून बिरा उभा. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"आबा, द्या तिला हिकडं," तो म्हणाला. "तुमचं धोतर खराब हुईल."

ते आधीच झालं होतं. मी म्हणालो, "असू दे. झोपलीया." सात वर्षांत त्याच्याशी बोललेले हे माझे पहिले शब्द. सणसर येईपर्यंत मी आत राग शोधत होतो. सवयीने शोधत होतो, खिशात विडी शोधावी तसा. सापडला नाही. उतरल्यावर मी बिराच्या डोक्यावर हात ठेवला, आणि तो भर रस्त्यात लहान पोरासारखा माझ्या पायांशी बसला. ती पोर म्हणजे छकुली.

आपलं मन आपल्याला स्वच्छ लागणं म्हणजे काय, ते मी त्या दिवशी पाहिलं. म्हातारपणी पाहिलं, पण पाहिलं.

कलम ५. मी तसाच तात्याबाच्या दारात गेलो. म्हणालो, "तात्या, माझ्या मनात आता काय न्हाय. मला माफ कर, आन् मी मेलो की खांदा द्यायला ये."

तो उंबऱ्याच्या आत, मी बाहेर. तो बराच वेळ रडला. मग म्हणाला, "दत्तू, तू मोकळा झालास. मी न्हाय झालो. तू भंडार उचललास तवा माझ्या घरावर उचललास. माझ्या घरात दिवा लावाय ती येकच पोर हाय. मी तुझ्या मढ्याला हात लावला आन् तिला काय झालं, तर?"

मी म्हणालो, तसं काही होत नाही. तो म्हणाला, "तुझ्यासाठी होत न्हाय."

फुलाबाई म्हणाली, देवळात जाऊन भंडार खाली ठेवून शपथ सोडवून या, तुमचा देव काय चावतोय? मी जायला निघालोही होतो. तात्याबानेच मला अडवलं. म्हणाला, "तू मानत न्हाईस. खोट्या मनानं ठिवलेला भंडार द्येव घेत न्हाय. माझ्यासाठी खोटं करू नगंस." तो त्याच्या देवाशी खरा आहे, मला माझ्या देवाशी खरं राहायचं आहे, आणि मध्ये माझा तो शब्द पडला आहे. क्षमा मला मिळाली, पण शब्द परत मिळाला नाही. या दुःखावर माझ्याकडे उपाय नाही. तात्याबा आला नाही म्हणून त्याला कोणी नाव ठेवू नये, मंडळीने नाही आणि भाऊबंदांनीही नाही.

कलम ६. किरकोळ. लोकर कातरायची कातर सारजाच्या नवऱ्याला, त्याच्याकडे अजून बकरी-मेंढरं आहेत. ढोल भाऊबंदांच्या गजी नाचाला, तो माझ्याकडे उगाच धूळ खातो. माझी काळी घोंगडी पाळकांना द्यायची होती, पण ते साक्षीला आहेत, आणि साक्षीदाराला काही देता येत नाही असं लेखनिक म्हणाला. म्हणून ती मी आजच त्यांच्या खांद्यावर टाकली आहे. याचा कायद्याशी संबंध नाही.

कलम ७. मला बाभळीखाली, झुंबरच्या डाव्या बाजूला पुरावं. पाळकांनी थोडक्यात प्रार्थना करावी. फुलाबाईला हळद वाहायची असेल तर तिला कोणी अडवू नये. तिरडीला चार खांदे मंडळीतले असतील. त्यात माझ्या रक्ताचा एकही नसेल, हे मी जाणून सही करत आहे.

वरील मजकूर लिहून झाला, पाळक आणि शेजारी कुंडलिक भोइटे सह्या करायला बसले, तेवढ्यात एक गोष्ट घडली. ती इथंच नोंदवतो, कारण त्यामुळे एक कलम वाढत आहे.

तात्याबा आला. अंगणात पाय ठेवला नाही, कुंपणाबाहेर उभा राहिला. काठी टेकवत आला होता, त्याला आता नीट दिसत नाही. त्याने तिथूनच विचारलं, "दत्तू, जागा कुठली धरलीस?"

मी सांगितलं, झुंबरच्या डावीकडं.

"तितं हातभर खाली मुरूम लागतो," तो म्हणाला. "झुंबरचा खड्डा मीच खांदला हुता. तू तवा शुद्धीत नव्हतास." मग म्हणाला, "तुझा बी मीच खांदणार. भुईला हात लावायला तू कधी न्हाय म्हणाला न्हवतास."

मी म्हणालो, "तात्या, तुझं वय झालं. मुरूम कसा फोडशील?"

"बिरा हाय की संगं," तो म्हणाला, आणि काठी टेकवत परत गेला.

कलम ८. माझा जीव गेल्यावर पहिला निरोप तात्याबाला धाडावा. त्याची कुदळ येईपर्यंत माझी माती दुसऱ्या कोणी खणू नये, कितीही उशीर झाला तरी.

हे सर्व मी वाचून पाहिलं, ते माझ्या मनासारखं आहे. साक्षीदारांच्या समोर सही करतो आणि त्यांनी माझ्या समोर केली आहे.

ठिकाण : सणसर
दिनांक : १९ जानेवारी १९९७

सही : दत्तोबा सिदू रुपनवर

साक्षीदार :
१. शांतवन मार्तंड भिंगारदिवे, पाळक, राहणार बारामती
२. कुंडलिक गेनू भोइटे, शेतकरी, राहणार सणसर