आईच्या हनुवटीवरचा तीळ

३ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

पत्र भांडायला लिहितेय, म्हणून तब्येतीची चौकशी शेवटी. तुझी भाची येत्या अकरा तारखेला डॉक्टरकडे हनुवटीवरचा तीळ काढून घ्यायला निघाली आहे. अगं, तो तुझ्या आजीचा तीळ, तिची तेवढीच आठवण आहे, असं मी परोपरीने सांगितलं. बाईसाहेबांनी शांतपणे अल्बम उघडला. आईचे नऊ फोटो, नऊच्या नऊ तुझ्या स्टुडिओतले, आणि एकातही तीळ नाही! मी खोटारडी ठरले. ह्यांनीही मान डोलावली. दादा, आईचा तीळ कुठे घालवलास?

गुडघा कसा आहे? राग उतरला की प्रेमाने लिहीन.

तुझी,
चिमणी

६ मार्च

चि. चिमणीस,
अनेक आशीर्वाद.

गुन्हा कबूल. दर वेळी बारीक ब्रशने मीच पुसला. फोटो म्हणजे माणसाचा सगळ्यात चांगला दिवस, असं मी तीस वर्षं मानत आलो. पोस्टमास्तरांचं नाक तर इतकं सरळ केलं, की हे आमचे नव्हेत म्हणून त्यांच्या बायकोने फोटो परत पाठवला. तेव्हा मी तिलाच हसलो होतो.

तुझं पत्र वाचलं, दुकान बंद केलं आणि सगळी खोकी उपसली. एक सापडला. गिऱ्हाईक बसायच्या आधी दिवे जुळवायला मी आईला खुर्चीत बसवायचो. ते फोटो कुणाला द्यायचे नसत, म्हणून त्यांना ब्रश लागत नसे. ह्यात तिचा एक डोळा मिटलाय, केस विस्कटलेत, तोंड उघडं आहे. गॅसवर दूध आहे, आटप लवकर, म्हणून ओरडत होती. तीळ मात्र स्पष्ट. खूप रडलो गं. त्या नऊ फोटोंत आई नाहीच, नुसतं माझं काम आहे.

सोबत पाठवतोय. अकराच्या आत पोचू दे. या मामाला सांभाळून घ्या.

तुझा,
दादा

१२ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

फोटो शनिवारीच आला. तुझी भाची तो घेऊन आरशासमोर उभी राहिली आणि आजीसारखा एक डोळा मिटून, तोंड उघडून बघत बसली. मग आजी आपल्यासारखीच ओरडते, असं जाहीर करून तिनेच डॉक्टरांना नको म्हणून कळवलं. परीक्षेच्या अर्जाला फोटो हवाय, तो मामाकडेच काढायचा म्हणते. अट एकच, ब्रश तिच्या ताब्यात राहील.

मीही येतेय. माझ्या लग्नाच्या फोटोत तू सरळ केलेला पुढचा दात मला परत हवाय. माझा एक फोटो काढ, मी आहे तशी. पुढे हिने मला शोधलं, तर मी सापडायला हवी.

माया आहेच, ती मात्र ब्रश न लावता ठेव.

तुझी,
चिमणी