भूगर्भशास्त्राची आरती

लोणावळे,
मार्गशीर्ष वद्य पंचमी, शके १८५६

राजमान्य राजश्री महिपतराव यांस (म्हणजे तुलाच; पण अर्जदाराने पायरी सोडू नये), बालमित्र दत्तोबाचा सविनय आणि किंचित रागावलेला नमस्कार. सौभाग्यवतीचाही नमस्कार, तो मात्र रागाविना. इकडे थंडी उत्तम, माझे गुडघे मध्यम. तुझी प्रकृती कशी आहे ते लिहावे, असे लिहिण्याची रीत आहे. पण तू काय लिहितोस ते आम्ही पाहिलेच आहे.

म्हणून प्रथम तक्रार. येथील व्याख्यानमालेचा चिटणीस या नात्याने मी तुला पानेच्या पाने भरून निमंत्रण धाडले, आणि उत्तरादाखल पुण्याहून तुझे कार्ड आले : ‘जमणार नाही.’ बस्स. ना श्री, ना तिथी, ना नमस्कार. पाठशाळेत एकाच चटईवर बसून आपण न्यायशास्त्र घोकले, तेव्हा प्रतिज्ञेमागून हेतू यावा आणि हेतूमागून उदाहरण, असे गुरुजी छडी आपटून सांगत. तुझी प्रतिज्ञा तेवढी पोचली. बाकीचे बहुधा कर्जतच्या बाजूस गेले. शिवाय उरलेले कार्ड कोरे! तेवढ्या जागेत आमची अख्खी सभा मावली असती. (हेतू मला ठाऊक आहे. वहिनी गेल्याला वर्ष होत आले, आणि तेव्हापासून कॉलेजातले तास सोडले तर ग्रहताऱ्यांवर तू कोठे तोंड उघडलेले नाहीस. तो विषय मी काढणारच आहे. आधी थोडे हसून घे.)

तर ती सभा. मुंबईचे एक भूगर्भशास्त्राचे प्रोफेसर ‘सह्याद्री कसा झाला’ यावर बोलायला आले होते. (नाव लिहीत नाही, त्यांचा अपराध काहीच नाही.) शाळेचे पत्रे दुरुस्तीला उतरवलेले, म्हणून आम्ही विठोबाच्या देवळाचा सभामंडप घेतला. बाजाराचा दिवस होता. औंढे, भाजे अशा जवळच्या खेड्यांतली मंडळी आपापले गाठोडे घेऊन येऊन बसली आणि मंडप गच्च भरला. मावळात विज्ञानाची तहान केवढी, अशा विचाराने माझी छाती फुगली. ती तहान नव्हती हे मला फार उशिरा कळले. देऊळ आहे, समया आहेत, उपरणे घेतलेला गृहस्थ उभा राहून हातवारे करतो आहे. त्याला मावळात एकच नाव आहे, आणि ते व्याख्यान नव्हे.

प्रोफेसरांनी घाटातून आणलेले दगड मेजावर मांडले होते. देवळाची दिवाबत्ती पाहणाऱ्या धोंडाबाईंनी पुढे होऊन त्यांतल्या सर्वांत काळ्याला हळदकुंकू वाहिले. प्रोफेसरांनी माझ्याकडे पाहिले. मी छताकडे पाहिले.

बोलले मात्र सुरेख. जमिनीला भेगा पडून तापलेला रस कसा वाहिला, थरावर थर कसा निवत गेला, सारे डोळ्यांपुढे उभे केले. मग “येथे माझे विवेचन संपले” म्हणून ते थांबले. कोणी हलले नाही. आरती झाल्यावाचून कीर्तनातून उठायचे नाही, हे इकडे तान्ह्या पोरालाही ठाऊक असते. प्रोफेसरांना कोठून असणार? त्यांचा जन्म घंटेआधी दाराकडे सरकणारे विद्यार्थी पाहण्यात गेलेला. ते गहिवरले आणि पुन्हा सुरू झाले. हिमालय वर काढला. थांबले. मंडळी हात जोडून बसलेली. मग समुद्र भरले, बर्फ पसरवले, वितळवले. थांबले. मंडळी तशीच. मी आभार मानायला अर्धा उठलो, तो त्यांनी मला हातानेच बसवले आणि आपल्या लहानपणाकडे वळले. इकडे मंडपाच्या कडेला ताजुद्दीन (याचे बाजारात किराण्याचे दुकान आहे आणि सभेची गॅसबत्ती त्याची असते) बत्तीला पंप मारून मारून दमला. शेवटी माझ्या कानाशी येऊन म्हणाला, “गुरुजी, रॉकेल सरत आलं. बुवांना स्टेशनपर्यंत टांगा मी देतो, पण आवरा त्यांना!”

त्या क्षणी, महिपती, मला वहिनींची फार आठवण झाली. तू ग्रहणापासून निघून शनीच्या कड्यांपर्यंत भरकटलास की बायकांच्या बाजूने एक खोकला येई, आणि तू दोन वाक्यांत पृथ्वीवर उतरत असस. लोकांना वाटे, बाईंना दमा आहे. तू म्हणशील, आता मला थांबवणार कोण? खरे आहे. तो खोकला दुसऱ्या कोणाला यायचा नाही, आणि आमच्या घरातून कोणी तो काढूही नये.

अखेर सोडवले धोंडाबाईंनी. “गळा बसंल की वं त्यांचा,” म्हणत त्यांनी निरांजन पेटवले. सारा मंडप एकदम उभा राहिला, टाळ्यांचा ठेका धरला. आधी विठोबाला ओवाळले, मग दगडांना, मग प्रोफेसरांना. ते क्षणभर बावचळले. मग त्यांनीही ठेका धरला. (चुकत होते, पण मनापासून.) “इतका एकाग्र श्रोतृवर्ग मुंबईत नाही,” असे गाडीत बसेपर्यंत म्हणत होते. मी त्यांचे समाधान मोडले नाही.

ते गेल्यावर औंढ्याच्या कोंडाजीने मला देवळाच्या पायरीवर गाठले. पिकल्या मिशांचा, शांत शेतकरी माणूस. “गुरुजी, भुईचं झालं. आता आभाळाचं कवा?” मी म्हटले, “आभाळाचे सांगणारे पुण्याला आहेत. पण पत्नी वारल्यापासून येत नाहीत.”

“बोलत्यात का कुनाशी?”

मी पायरीवर माझ्या चपला शोधू लागलो.

“माजा थोरला भाऊ असाच गप झालता,” तो म्हणाला. “आमी म्हनलं, दुक हाय, ऱ्हाऊ द्या. लय दिस ऱ्हाऊ दिलं बगा आमी.” आणि बैल जुंपायला गेला. पुढे काय झाले ते मी विचारले नाही.

असो. उत्तर सविस्तर यावे.

तुझा
दत्तोबा

ता. क. : ‘आकाशातील चमत्कार : वक्ते महिपतराव’ अशी हस्तपत्रके छापून झाली आहेत. ताजुद्दीन त्यांत हळदीच्या पुड्या बांधू लागण्याआधी तारीख कळव.

दुसरा ता. क. : वरचे खोटे आहे. एकही पत्रक छापलेले नाही. व्याख्यान द्यायचे नसेल तर देऊ नकोस, नुसता ये. पडवीत बस. सौभाग्यवती पिठले करील, मी बडबड करीन, तू हूं म्हटलेस तरी पुष्कळ. शनिवारी दुपारच्या गाडीला मी स्टेशनावर उभा आहे. तू उतरला नाहीस तर परतीच्या गाडीने मीच पुण्याला येतो.

तिसरा ता. क. : तुझे व्याख्यान बुडाले याची मला काळजी नाही. घरी आल्यावर तू कोणाशी एक शब्द तरी बोलतोस की नाही, हे मला माहीत नाही, महिपती. त्याची मला भीती वाटते.